दुष्काळातले रान: बुऱ्हाणपूर, शिवनेरी आणि शिंदळमाकडी

इ.स. १६३० च्या मार्चमध्ये बादशहा शहाजहान बुऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला. तो निघाला होता खानजहान लोदीच्या मागावर. जहांगिराच्या अमदानीतला हा मातब्बर सरदार बंड करून दक्षिणेत उतरला होता आणि अहमदनगरच्या निजामशहाने त्याला आसरा दिला होता. लोदीला धरायचे आणि त्याबरोबर निजामशाहीही मोडायची, असा बादशहाचा दुहेरी बेत होता. त्यासाठी तापीकाठच्या बुऱ्हाणपुराइतके सोयीचे ठाणे दुसरे नव्हते. फारुकी सुलतानांनी १४०० च्या सुमारास वसवलेले हे शहर. १६०१ मध्ये शेजारचा असीरगड अकबराच्या हाती पडला आणि खानदेश मोगलांचा झाला. तेव्हापासून दक्षिणेवरच्या बहुतेक स्वाऱ्या याच शहरातून सुटत. शहाजहानने शहजादा असताना आपल्या दक्षिणेतल्या मोहिमा इथूनच चालवल्या होत्या.

याच सुमारास, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, जुन्नरजवळ शिवनेरीवर जिजाऊसाहेबांच्या पोटी शिवाजीराजांचा जन्म झाला. जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांना निजामशहाने आदल्याच वर्षी देवगिरीच्या किल्ल्यात दगा देऊन मारले होते. शहाजीराजे या धामधुमीत निजामशाही सोडून काही काळ मोगलांच्या चाकरीत गेले आणि लवकरच तिथूनही बाहेर पडले. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळून गाढवाचा नांगर फिरवला तोही याच वर्षांतला. सुलतानी चालू होती ती अशी. आणि त्याच पावसाळ्यात अस्मानीही कोसळली.

१६३० चा पाऊस गुजरात, खानदेश आणि दख्खनच्या मोठ्या भागात पडलाच नाही. पुढच्या वर्षी पडला तो असा, की उगवलेले पीक वाहून गेले, उरलेल्यावर किडीची आणि उंदरांची धाड पडली. पाठोपाठ साथीचे रोग आले. ऑक्टोबर १६३१ पर्यंतच्या दहा महिन्यांत गुजरातेत तीस लाख आणि अहमदनगरच्या मुलखात दहा लाख माणसे गेली, असा अंदाज त्या वेळच्या डच अहवालात आहे. शिरगणती नसलेल्या काळातला हा आकडा. तो शब्दशः घेऊ नये. पण व्यापाराच्या हिशेबापलीकडे सहसा न पाहणाऱ्या परक्या व्यापाऱ्यांनाही मेलेल्या माणसांचा हिशेब मांडावासा वाटला, यातच सगळे आले.

पीटर मंडी हा इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. नोव्हेंबर १६३० मध्ये तो सुरतेहून निघाला आणि नंदुरबारवरून तापीच्या खोऱ्याने महिनाअखेरीस बुऱ्हाणपूरला पोचला. वाटेवर जे दिसले ते त्याने आपल्या रोजनिशीत उतरवले आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्रेते पडलेली, दुर्गंधी नाकातून जात नाही, मुक्कामाला लहानसा तंबू ठोकायचा तर प्रेतांवाचून मोकळी जागा सापडत नाही. आईबाप पोरे विकत होते, कुणी फुकट देऊन टाकत होते, निदान ती जगतील म्हणून. जनावरांच्या शेणात न पचलेला दाणा शोधणारी माणसेही त्याने पाहिली. आणि याच काळात माळव्यातून बंजाऱ्यांच्या बैलांवर लादलेले धान्य बुऱ्हाणपूरच्या शाही लष्कराकडे चालले होते. माळव्यात धान्य होते, वाहून नेणारे बैल होते, रस्ताही होता. पण त्या रस्त्याच्या टोकाला बादशहाची छावणी बसली होती.

बुऱ्हाणपुरात पाण्याचे हाल तरी थोडे कमी असावेत. मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानान याच्या कारकिर्दीत, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालच्या भुयारांतून शहरात आणण्याची योजना झाली होती. आज तिला कुंडी भंडारा म्हणतात. भुयारांवर खणलेल्या विहिरींच्या, म्हणजे कुंड्यांच्या, तोंडातून खाली डोकावले की वाहते पाणी आजही दिसते. चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी शहराची तहान अशी भागवली. भुकेचा असा बंदोबस्त मात्र कुणी केला नव्हता.

दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने ‘पादशाहनामा’त या दुष्काळाचे वर्णन लिहिले आहे, आणि ते भयंकर आहे. भाकरीच्या मोबदल्यात जीव देऊ केला तरी गिऱ्हाईक नव्हते, हाडे दळून पिठात मिसळली जात होती, माणूस माणसाला खात होता, असे दरबारच्या पगारी लेखकाने लिहावे हे विशेष. त्यानंतर तो बादशहाच्या दानधर्माचा हिशेब देतो. बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरतेकडच्या मुलखात लंगर उघडले. शहाजहान गादीवर बसला तो वार सोमवार, म्हणून बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटले. असे वीस सोमवार, म्हणजे एक लाख रुपये. अहमदाबादेसाठी आणखी पन्नास हजार. खालशाच्या, म्हणजे थेट बादशाही वसुलीच्या, मुलखातला सुमारे सत्तर लाखांचा सारा माफ झाला, म्हणजे जवळपास अकरावा हिस्सा. हे दान खोटे नव्हते, आणि त्या लंगरांवर काही हजार जीव नक्कीच तगले असतील. पण ज्या मुलखात पीकच आले नाही तिथे उरलेल्या दहा हिश्श्यांचा दावा कागदावर तसाच राहिला, हेही त्याच हिशेबातून कळते.

मोहीम चालूच होती. १६३१ च्या आरंभी खानजहान लोदी मारला गेला. मोगल सेनापती आझमखानाने धारूरचा किल्ला घेतला, परांड्याला वेढा घातला, पण चारा मिळेना म्हणून तो उठवावा लागला. गवताची काडी नसलेल्या मुलखाने तोफांच्या फौजेला माघारी लावले. १७ जून १६३१ रोजी बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यात मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात वारली. तापीपलीकडे झैनाबादच्या आहुखान्याच्या बागेत तिचे दफन झाले आणि डिसेंबरात तिचा देह आग्र्याला हलवण्यात आला. पुढची कथा जगाला पाठ आहे. बुऱ्हाणपूर म्हटले की लोकांना ताजमहालाची पूर्वपीठिका आठवते. त्याच शहराच्या वेशीबाहेर, त्याच महिन्यांत, नाव-गाव न उरलेली लाखो माणसे गेली, ती आठवत नाहीत.

मराठी मुलखाने या दुष्काळात गेलेल्यांची काही नावे तेवढी जपली. देहूच्या तुकोबांच्या थोरल्या पत्नी रखमाबाई आणि मुलगा संतोबा याच दुष्काळात अन्नावाचून गेले. दुकानदारी बुडाली, गुरे गेली. तुकोबांनी हे दुःख स्वतःच्या अभंगांत सांगितले आहे, म्हणून आपल्यापर्यंत ते पोचले.

आता प्रश्न असा, की जे जगले ते कशावर जगले? लंगर शहरात होते. डोंगरातल्या, आडवाटेच्या गावांतल्या माणसाजवळ काय होते? त्याच्याजवळ रान होते. कोणता कंद किती वेळा उकळला म्हणजे विष उतरते, कोणता पाला पोटात टिकतो, कोणत्या झाडाची साल दळता येते, ही विद्या दख्खनच्या गावांनी दुष्काळामागून दुष्काळ सोसत कमावली. दुर्गादेवीचा दुष्काळ, १६३० चा, १८७६ चा, संवत १९५६ चा म्हणजे १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ, आणि आपल्या आईवडिलांच्या आठवणीतला १९७२ चा. दरबारी इतिहासकाराला वाटलेले रुपये मोजता आले. रानातून आणलेली ओंजळ त्याच्या खातेवहीत बसणारी नव्हती. म्हणून ही विद्या शोधायची तर बखरींबाहेर, वनस्पतींच्या पुस्तकांत आणि गुराख्यांच्या तोंडी शोधावी लागते.

त्या विद्येतली एक वनस्पती म्हणजे माकडशिंगी. शास्त्रीय नाव कॅरालुमा ॲडसेन्डेन्स. द्वीपकल्पातल्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर, बाभळी-बोरीच्या झुडपांच्या बुडाशी ती उगवते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते निवडुंगाचे पोर आहे. करंगळीएवढी जाड, चार धारांची, हिरवट-करडी खोडे जमिनीतून सरळ वर येतात. पाने नाहीतच म्हटले तरी चालेल. धारांवरच्या दातांशी बारीकशी खूण असते आणि तीही गळते. खोड टोकाकडे निमुळते होते आणि त्या टोकाशी जांभळट फुले लोंबतात. फुलांना कुजका वास येतो, कारण परागीकरणाला माश्या लागतात. मग शेंगा धरतात, दोन-दोन, शिंगांसारख्या. त्या तडकल्या की रेशमी झुपक्याची बी वाऱ्यावर जाते. खोड मोडले तर आत पाणीदार गर लागतो, पांढरा चीक येत नाही. ही खूण महत्त्वाची, कारण शेर, साबर यांसारख्या दिसायला जवळच्या वनस्पतींचा दुधी चीक विषारी असतो आणि डोळ्यात गेला तर घात करतो.

या खोडाची चव कडवट, आंबूस, थोडी खारट. गुराखी आणि मेंढपाळ कोवळी टोके तशीच मोडून चघळतात, मिठाबरोबरही खातात. आंध्र-कर्नाटकात तिची भाजी, चटणी, लोणचे होते. खाल्ल्यावर तहान भागते आणि भूक मरते, असे खाणारे सांगतात. दिवसभर जनावरामागे उन्हात फिरणाऱ्या माणसाला एवढे पुरे होते. संध्याकाळी घरी भाकर असेल की नसेल याचा भरवसा नसलेल्या माणसाला तर फारच झाले.

कागदावर याची नोंद पडायला १६३० नंतर दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली. विल्यम रॉक्सबर्ग हा कंपनीचा स्कॉटिश डॉक्टर. कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७९५ मध्ये निघाला. त्यात या वनस्पतीचे चित्र, वर्णन आणि तेलुगू नाव दिले आहे, आणि स्थानिक लोक हिची रसदार खोडे कच्चीच खातात असेही नमूद केले आहे. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊनने १८१० च्या सुमारास तिला आफ्रिकेच्या स्टॅपेलिया वंशातून वेगळी काढून त्या तेलुगू नावावरूनच ‘कॅरालुमा’ हा वंश केला. नाव गावकऱ्यांनी दिलेले आणि वापरही त्यांचाच. शास्त्राने टिपण केले. मुंबई इलाख्यात हे काम गोव्याचे डॉ. जे. सी. लिस्बोआ यांनी मोठे केले. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, १८८६ मध्ये, इलाख्याच्या गॅझेटियरचा वनस्पतिखंड निघाला. त्यात उपयोगी वनस्पतींबरोबरच दुष्काळात लोकांनी खाल्लेल्या रानवनस्पतींची स्वतंत्र यादी त्यांनी दिली. ती यादी वाचताना अंगावर काटा येतो. गवताचे बी, झाडांच्या साली, कडू कंद. प्रत्येक नोंदीमागे कुणीतरी ते पहिल्यांदा तोंडात घातलेले आहे, आणि कुणाला तरी ते बाधलेलेही असणार.

माकडशिंगीची एक बहीण आहे. ती फक्त आपल्या सह्याद्रीत आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. तीच शिंदळमाकडी.

१८६४ च्या सुमारास निकोल अलेक्झांडर डाल्झेल या मुंबई इलाख्याच्या वनाधिकाऱ्याने जुन्नर भागात ती टिपली आणि तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या नावाने ‘फ्रेरिया इंडिका’ असे तिचे बारसे केले. शिवनेरीचे कडे, पुरंदरचा जोड किल्ला वज्रगड, भंडारदऱ्याजवळचा रंधा धबधबा, महाबळेश्वरचे डोंगर अशी तिची मोजकी ठिकाणे. कड्याच्या कपारीत, जिथे मूठभर माती अडकते, तिथे तिची गुबगुबीत खोडे आडवी पसरतात आणि खाली लोंबतात. पावसाळ्यात त्यांना खरीखुरी, मांसल पाने येतात. हे तिच्या गणगोतात फार दुर्मीळ. पावसाच्या शेवटाला पाच टोकांचे, गडद किरमिजी रंगाचे, पिवळ्या खुणांचे एकेक फूल उमलते. पाऊस सरला की पाने गळतात आणि कातळाला चिकटलेली नुसती खोडे उन्हाळा काढतात.

ती उन्हाळा कसा काढते, याचा उलगडा ओ. एल. लांगे आणि एम. झुबेर या संशोधकांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेक झाडे दिवसा पानांची रंध्रे उघडून हवेतला कर्बवायू घेतात; त्यात पाणीही उडून जाते. बऱ्याच रसाळ वाळवंटी वनस्पती रंध्रे रात्री उघडतात, वायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारे लावून आत काम करतात. शिंदळमाकडी दोन्ही करते. तिची पाने पहिल्या रीतीने चालतात आणि खोड दुसऱ्या. पाण्याची चंगळ असते तोवर पानांच्या जोरावर वाढायचे. टंचाई आली की पाने टाकून द्यायची आणि खोडावर जगायचे. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने तापलेला कातळ, असे हे हवामान. त्यात जगण्याचा याहून नेटका मार्ग मला तरी माहीत नाही.

हिचीही कोवळी खोडे डोंगरातली माणसे आणि गुराखी खात आले आहेत. पण माकडशिंगी विस्तीर्ण मुलखात आहे, ही बोटांवर मोजता येतील अशा कड्यांवर. बकऱ्यांनी खाल्ली, डोंगराला लावलेल्या वणव्यांत जळली, हौशी संग्राहकांनी मुळासकट उपटून नेली. फळे धरण्याचे प्रमाण मुळात कमी, त्यामुळे झालेली तूट भरून निघत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जगातल्या अत्यंत संकटग्रस्त बारा वनस्पतींत तिची गणना केली. एक दिलासा असा, की खोडाचा तुकडा मातीत टेकवला तर तो मूळ धरतो. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्याच्या कार्यालयाने आणि सातारा जिल्ह्यातल्या शिंदेवाडीच्या नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने तिची रोपे वाढवण्याचे आणि ती पुन्हा डोंगरात रुजवण्याचे काम केले आहे. आज अनेक वनस्पती उद्यानांत ती कुंड्यांतून वाढते. कड्यावरची मात्र अजूनही थोडीच आहे.

या कहाणीचा पुढचा भाग औषधांच्या दुकानात घडतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत माकडशिंगीच्या अर्काच्या गोळ्या वजन घटवण्यासाठी देशोदेशी विकल्या जातात. बंगळूरच्या सेंट जॉन्स संस्थेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. पन्नास प्रौढ व्यक्ती, साठ दिवस, रोज एक ग्रॅम अर्क किंवा त्यासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी. अर्क घेणाऱ्यांच्या कमरेचा घेर आणि भुकेची जाणीव कमी झाली. वजनात मात्र दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे भूक मंदावते हे गुराख्याचे म्हणणे खरे ठरण्याच्या दिशेने जाते, आणि बारीक होण्याची जाहिरात मात्र सिद्ध होत नाही. डॉक्टरला न विचारता अशा गोळ्या घेऊ नयेत, हे स्पष्टच सांगायला हवे.

मला यात सलते ते वेगळेच. दक्षिण आफ्रिकेत हूडिया नावाची अशीच, याच कुळातली वनस्पती आहे. कलहारीचे सान लोक शिकारीच्या लांब वाटांवर ती चघळत. १९९६ मध्ये तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने तिच्यातल्या भूक मारणाऱ्या द्रव्यावर पेटंट घेतले आणि मग ते परदेशी कंपन्यांना वापरायला दिले. सान लोकांना याचा पत्ताही नव्हता. त्यांनी भांडण उभे केले, आणि २००३ मध्ये नफ्यातला वाटा देण्याचा करार झाला. कंपन्यांनी पुढे तो नाद सोडला, हाती पडले ते थोडेच. पण हे ज्ञान कुणाचे, हे कागदावर मान्य झाले. आपल्याकडे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी रिकाम्या पोटी माकडशिंगी ओळखली, त्यांची नावे कोणत्या करारावर आहेत? उपाशी माणसाने जगण्यासाठी शोधलेली गोष्ट भरल्या पोटाच्या माणसाला विकली जाते. त्या व्यवहारात मूळ माणूस दिसतच नाही, जसा तो बादशहाच्या सोमवारच्या हिशेबातही दिसत नव्हता.

आपल्याला करण्यासारखे पुष्कळ आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असावी असे ठरवले आहे. तुमच्या गावची वही मागून पाहा. तिच्यात नुसती झाडांची नावे उतरवली असतील, तर गावातल्या म्हाताऱ्या गुराख्याला, मेंढपाळाला, रानभाज्या आणणाऱ्या बाईला विचारून लिहून घ्या: १९७२ ला काय खाल्ले, कुठून आणले, कसे शिजवले, कशाने बाधले. १९७२ जाणत्या वयात पाहिलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत, म्हणून हे काम याच वर्षी व्हायला हवे. आणि पावसाळ्याच्या शेवटी शिवनेरीला किंवा वज्रगडाला गेलात, कपारीत किरमिजी चांदणी दिसली, तर फोटो काढा आणि पुढे व्हा. घरी लावायचीच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेला तुकडा मागा. कड्यावरचा एकही उपटू नका.